‘चांगला डोसा कुठे मिळतो?’ हा प्रश्न माटुंग्यात विचारू नये

माझ्या पीएचडीचा विषय कुणी विचारला की माझ्याकडे दोन उत्तरं तयार असतात. सेमिनारमध्ये विचारलं तर ‘स्थानिक बाजारपेठेतली माहिती आणि ग्राहकाची निवड’. लग्नाच्या पंगतीत एखाद्या मावशींनी विचारलं तर ‘लोक हॉटेल कसं निवडतात’. दुसरं उत्तर ऐकल्यावर मावशी आधी म्हणतात, "यात पीएचडी?" आणि लगेच त्यांच्या गल्लीतल्या दोन हॉटेलांची तुलना सुरू करतात. जिलबी येईपर्यंत ती संपत नाही.

ही तुलनाच माझा कच्चा माल आहे. आपल्या भागातल्या खाण्याच्या जागांबद्दल लोक इतकं तावातावाने का बोलतात? त्या बोलण्यात खरी माहिती किती असते? आणि मोबाईलवरच्या ताऱ्यांत ती सगळी उतरते का? आज यावर लिहितेय. उदाहरण मुंबईतल्या माटुंग्याचं, कारण मी नायगावात वाढले आणि माटुंग्याला चालत जाऊन डोसा खाणं हा आमच्या घरचा रविवारचा कार्यक्रम असायचा.

माटुंगाच का?

मुंबईबाहेरच्या वाचकांसाठी थोडी पार्श्वभूमी. मध्य रेल्वेच्या माटुंगा स्टेशनातून पूर्वेला उतरलं की किंग्ज सर्कल, म्हणजे महेश्वरी उद्यान, चालत जेमतेम दहा मिनिटांवर. एवढ्याशा टापूत दक्षिण भारतीय उपाहारगृहांची दाटी आहे. स्टेशनला लागून ए. रामा नायक यांचं उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग (१९४२), तिथून जवळच राम आश्रय (१९३९), सर्कलच्या बाजूला कॅफे मद्रास (१९४०). शिवाय कॅफे म्हैसूर, आनंद भवन आणि अशी आणखी काही. मेन्यूकार्डं एकमेकांवर ठेवली तर निम्मी नावं तीच निघतील.

ही दाटी आकाशातून पडलेली नाही. १८९६ च्या प्लेगनंतर, १८९८ साली, मुंबईत इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दाटीवाटीच्या जुन्या शहराच्या उत्तरेला आखीव वस्त्या वसवायचं काम त्याने हाती घेतलं. दादर-माटुंगा ही त्यातलीच एक योजना. तिथल्या नव्या फ्लॅटांमध्ये राहायला आलेल्यांत दक्षिणेकडून नोकरीसाठी आलेले कारकून, स्टेनोग्राफर, हिशेबनीस खूप होते. इतिहासकार निखिल राव यांचं २०१३ सालचं ‘हाउस, बट नो गार्डन’ हे पुस्तक याच वस्त्यांबद्दल आहे. गावाकडे स्वतःला वेगवेगळ्या जातींचे, वेगवेगळ्या गावांचे समजणारे लोक माटुंग्यात येऊन हळूहळू ‘साउथ इंडियन’ कसे झाले, हे त्यांनी दाखवलंय.

इथे एक गंमत आहे. राहायला आलेल्यांत तमिळ कुटुंबं भरपूर, पण हॉटेलं चालवणारे बहुतेक उडुपी-मंगळूरकडचे. उडुपी सांबारात गूळ पडतो, तमिळ घरातलं सांबार चिंचेकडे झुकतं. त्यामुळे ‘इथलं सांबार गोड लागतं’ ही माटुंग्यातली तक्रार म्हणजे नुसती चवीची गोष्ट नाही. दोन वेगळ्या प्रदेशांतून आलेली माणसं एकाच टेबलावर बसली आहेत, त्याची ती खूण आहे.

माझा फसलेला कागद

फील्डवर्क सुरू केलं तेव्हा मी एक कागद बनवला होता. पाच हॉटेलांची नावं, प्रत्येकापुढे एक चौकोन, आणि वर सूचना: ‘तुमच्या पसंतीनुसार १ ते ५ क्रमांक द्या.’ गाईडनी तो पाहिला आणि काही न बोलता परत दिला. तेव्हा मला वाटलं, आवडला.

पहिल्यांदा भरायला दिला तो किंग्ज सर्कलजवळच्या एका इमारतीतल्या मामींना. (माटुंग्यात वयस्कर तमिळ बाईंना सगळेच मामी म्हणतात, आम्ही मराठीही.) मामींनी चष्मा लावून कागद नीट वाचला आणि मला विचारलं, "कुणाबरोबर जाणार?"

"म्हणजे?"

"म्हणजे एकटी जाणार, का पाहुण्यांना नेणार? किती वाजता? पोट भरायला, का कॉफीला? हे नाही लिहिलंस तर मी नंबर कसा देऊ?"

मग त्यांनी मला तोंडीच सगळं सांगितलं. चेन्नईहून नणंद आली की कुठे न्यायचं नाही, कारण ती सांबाराला नावं ठेवते. नातू आला की कुठे न्यायचं, कारण त्याला चीज लागतं. षण्मुखानंदमधला कार्यक्रम उशिरा सुटला तर कुठे अजून काही मिळेल. गुडघा दुखत असला तर कुठे पायऱ्या नाहीत. कागद शेवटपर्यंत कोराच राहिला.

पुढे इंजिनिअरिंगच्या मुलांशी बोलले. त्यांच्या यादीत पहिला मुद्दा होता भात पुन्हा वाढतात का. रोज स्टेशन गाठणाऱ्या एका काकांना चवीपेक्षा बिल किती पटकन येतं याची पडलेली. ‘सगळ्यात चांगलं कुठलं?’ या प्रश्नावर जवळपास प्रत्येक जण आधी थांबायचा, आणि मग उत्तराला एखादी अट जोडायचा.

तो कागद मी फाडला. पण लोक क्रमांक का देऊ शकत नव्हते, हे समजायला मला थोडी थिअरी वाचावी लागली.

एकाच गल्लीत सगळे का?

१९२९ साली एका अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने याच स्वरूपाचा प्रश्न मांडला. त्यांचं नाव हॅरोल्ड हॉटेलिंग. (आडनाव हा योगायोग आहे. माझ्या विषयात हा विनोद प्रत्येक जण एकदा करतो, माझा करून झाला.)

त्यांचं मॉडेल चौपाटीवर नेऊन बघू. लांबलचक वाळू, तिच्यावर सारख्या अंतराने पसरलेली माणसं, आणि दोन भेळवाले. भेळ तीच, भाव तोच. गिऱ्हाईक जवळच्या गाडीवर जाणार. दोघे दोन टोकांपासून पाव-पाव अंतरावर उभे राहिले तर लोकांची सगळ्यांत चांगली सोय. पण पहिला विचार करतो, मी थोडा मध्याकडे सरकलो तर माझ्या मागचे तर माझेच आहेत, समोरच्याचेही थोडे मिळतील. दुसराही तोच विचार करतो. सरकत सरकत दोघे मधोमध पाठीला पाठ लावून उभे राहतात. एकसारखी दुकानं एकाच जागी का जमतात, याचं हे पहिलं सुबक उत्तर.

पण त्यात एक भोक होतं. दोघे अगदी शेजारी आणि अगदी सारखे असतील, तर एक जण भाव एक रुपयाने उतरवेल आणि सगळं गिऱ्हाईक ओढून नेईल. मग दुसरा दोन रुपयांनी उतरवेल. शेवटी दोघांचंही दिवाळं. द’आस्प्रमाँ, गाब्सेविच आणि तीस या तिघांनी १९७९ साली गणित पुन्हा मांडून दाखवलं की भाव ठरवायची मोकळीक असेल तर विक्रेत्यांना एकमेकांपासून दूर जाण्यात, म्हणजे वेगळं होण्यात फायदा असतो.

माटुंग्यात दोन्ही एकदम दिसतं. नकाशावर सगळे एकमेकांना खेटून, कारण डोसा खायचा म्हटलं की माणूस आधी ‘माटुंग्याला’ जातो, मग हॉटेल ठरवतो. पण ताटात मात्र वेगळे. एकीकडे केळीच्या पानावरचं पूर्ण जेवण, दुसरीकडे फळ्यावर लिहिलेले आजचे पदार्थ आणि अननसाचा शिरा, तिसरीकडे रसम वडा आणि नाचणीचा डोसा. भावाच्या लढाईतून वाचायला प्रत्येकाने आपापला कोपरा धरलाय. आणि मामी मला नेमके हेच कोपरे सांगत होत्या. त्यांच्या लेखी हॉटेलं एका शिडीवर वर-खाली नव्हतीच. प्रत्येकाला त्यांनी एकेक काम वाटून दिलं होतं.

सरासरीचा घोळ

आता मोबाईलवरचे तारे घेऊ. एक अगदी छोटं गणित करा.

दोन हॉटेलं आहेत, ‘अ’ आणि ‘ब’. ‘अ’चं सांबार आंबट, ‘ब’चं गोडसर. खाणारेही दोनच, एकाला आंबट आवडतं, दुसऱ्याला गोड. आंबटवाला ‘अ’ला ५ तारे देतो आणि ‘ब’ला ३. गोडवाला बरोबर उलटं करतो. सरासरी काढा. ‘अ’ला ४, ‘ब’लाही ४.

मोबाईल सांगतो की दोन्ही सारखीच. प्रत्यक्षात ती इतकी वेगळी आहेत की दोघांपैकी कुणीही हॉटेल बदललं तर तो नाराज होणार. माहिती होती, सरासरीने ती पुसून टाकली.

अर्थशास्त्रात यासाठी दोन शब्द आहेत, मी त्यांना उभा फरक आणि आडवा फरक म्हणते. ताट स्वच्छ असणं, तेल ताजं असणं हा उभा फरक. सगळ्यांनाच जास्त हवं असतं. सांबार गोड की आंबट, डोसा कुरकुरीत की मऊ, वेटर गप्पिष्ट की कामापुरता, हा आडवा फरक. इथे ‘जास्त चांगलं’ असं काही नसतं, ‘मला चालणारं’ असतं. तारे उभ्या फरकासाठी ठीक काम करतात. स्वयंपाकघर अस्वच्छ असेल तर कळतं. पण एकाच वस्तीत ऐंशी वर्षं टिकलेल्या हॉटेलांमध्ये उभा फरक फारसा उरलेला नसतो. उरतो तो आडवा, आणि तो फक्त बोलण्यातून कळतो. "सांबार गोड आहे हं तिथलं" या पाच शब्दांत ४.२ ताऱ्यांपेक्षा जास्त माहिती आहे.

रांग कशाचा पुरावा असते?

"पण ताई, रविवारी सकाळी रांग बघा ना कुठे आहे ती. तेवढे लोक चुकीचे कसे असतील?" हा प्रश्न मला हमखास विचारला जातो. प्रश्न रास्त आहे. हॉटेलचं खाणं ही अनुभवल्याशिवाय न कळणारी वस्तू आहे. फिलिप नेल्सन या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली वस्तूंची अशी वर्गवारी केली होती. साडी घडी उलगडून बघता येते, डोसा मात्र खाल्ल्यावरच कळतो. मग नवखा माणूस दुसऱ्यांकडे बघतो. रांग आहे म्हणजे चांगलं असणार.

पण गॅरी बेकर यांचा १९९१ सालचा एक छोटासा लेख आहे, आणि तो वाचल्यापासून मी रांगेकडे वेगळ्या नजरेने बघते. कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टो गावात मासे मिळणारी दोन हॉटेलं जवळजवळ समोरासमोर होती. खाणं तोडीस तोड, सेवा सारखी, भावात थोडासा फरक. एकापुढे रोज रांग, दुसऱ्यात बऱ्याच खुर्च्या रिकाम्या. बेकरना पडलेला प्रश्न असा, की रांगवाला भाव का वाढवत नाही?

त्यांचं उत्तर असं. काही ठिकाणी आपण जातो त्यामागे ‘बाकीचेही तिथे जातात’ हेही एक कारण असतं. मालकाने भाव वाढवला आणि रांग थोडी कमी झाली, तर रांगेमुळे येणारेही कमी होतात, मग आणखी कमी होतात. मोठी मागणी आणि रिकाम्या खुर्च्या यांच्यात फार कमी अंतर असतं, म्हणून रांग असलेला मालक तिला हात लावायला घाबरतो. बेकरना पुढच्याच वर्षी नोबेल मिळालं, अर्थात आयुष्यभराच्या वेगळ्या कामासाठी.

आता याला एका प्रयोगाची जोड देते. २००६ साली सालगानिक, डॉड्स आणि वॉट्स यांनी इंटरनेटवर १४ हजारांहून जास्त लोकांना ४८ अनोळखी गाणी ऐकायला दिली. काहींना फक्त गाणी दिसत होती. काहींना प्रत्येक गाणं आधी किती जणांनी डाउनलोड केलंय तेही दिसत होतं. हे दुसरे लोक आठ वेगवेगळ्या ‘दुनियां’त विभागलेले होते, एका दुनियेतला आकडा दुसरीला दिसत नव्हता. आकडे दिसायला लागल्यावर लोकप्रिय गाणी आणखी लोकप्रिय झाली, मागे पडलेली आणखी मागे पडली. आणि कुठलं गाणं वर जाईल हे दुनियेगणिक बदललं. अगदी उत्तम गाणी सहसा तळाला गेली नाहीत, अगदी वाईट गाणी सहसा डोक्यावर बसली नाहीत. मधल्यांचं मात्र काहीही होऊ शकत होतं.

मधल्यांचं काहीही होऊ शकत होतं, हे लक्षात ठेवा.

कारण इथे पोटाचा प्रश्न येतो. हार्वर्डच्या मायकल लुका यांनी २०११ मध्ये सिएटल शहरातल्या हॉटेलांचं उत्पन्न आणि त्यांचे तारे ताडून बघितले. एक तारा वाढला की उत्पन्न ५ ते ९ टक्क्यांनी वाढत होतं. हा परिणाम स्वतंत्र, एकट्या हॉटेलांवर होता, मोठ्या साखळ्यांवर नाही. साखळीचं खाणं लोकांना आधीच माहीत असतं. तारे ज्यांच्या गल्ल्यापर्यंत पोहोचतात ती एकांडी, घरची हॉटेलं असतात. माटुंग्यासारख्या वस्तीत बहुतेक तीच.

दुसऱ्या नंबरचं हॉटेल

आमच्या घराजवळ एक हॉटेल होतं. नाव लिहीत नाही. चार-सहा टेबलं, गल्ल्यावर मालक, मागे त्यांच्या वडिलांचा हार घातलेला फोटो. कोपऱ्यावरच्या प्रसिद्ध हॉटेलात गर्दी असली की आम्ही इथे यायचो. बाबा कामावरून उशिरा आले की इथूनच इडली-चटणी पार्सल यायची. आई आजारी होती तेव्हा तर पंधरा दिवस आमचं रात्रीचं जेवण तिथूनच आलं, आणि मालक भात जरा मऊ करून द्यायचे.

काही वर्षांपूर्वी ते बंद झालं. एकाच कारणाने झालं असं मी म्हणणार नाही, मालकांच्या मुलांना धंद्यात यायचं नव्हतं हेही होतं. पण बंद झाल्यावर आमच्या इमारतीत प्रत्येक जण म्हणाला, "चांगलं होतं हो ते." आणि मला आठवलं की मी स्वतः कुठल्याही पाहुण्याला कधी तिथे नेलं नाही. कुणी विचारलं, ‘तुमच्याकडे चांगलं कुठे मिळतं’, तर मी डोळे झाकून कोपऱ्यावरचं नाव सांगायचे. ते सगळ्यांचं दुसऱ्या नंबरचं हॉटेल होतं, आणि पहिल्या नंबराबद्दलच्या प्रश्नाला दुसऱ्या नंबरचं नाव कधीच उत्तर म्हणून येत नाही.

माझा तो फाडलेला कागद नेमकी हीच चूक करत होता. वस्ती रोज जेवते ती पहिल्या नंबरावर नाही. पहिल्या नंबरावर रविवारी बाहेरचे लोक नाव लिहून उभे असतात. वस्तीचं रोजचं भागतं ते दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्यावर. आणि बेकर आणि ती गाणी सांगतात की ही मधली हॉटेलं मागे पडली तर त्यावरून त्यांची चव मागे पडली असं म्हणता येत नाही.

‘आपलं’ हॉटेल

एक गोष्ट माझ्या आकडेमोडीत बसत नाही, पण ती वगळून माटुंग्याबद्दल लिहिणं खोटं होईल. १९६६ साली शिवसेना स्थापन झाली आणि त्यानंतरच्या काळात दक्षिण भारतीयांविरुद्धच्या मोहिमेत मुंबईतल्या उडुपी हॉटेलांवर हल्ले झाले. तेव्हा हॉटेलांची विभागणी सरळ होती, आपली आणि त्यांची.

आज आमच्या नायगाव-दादरकडची मराठी माणसं माटुंग्यातल्या दोन डोशांवरून भांडतात तेव्हा "आपल्या माटुंग्यात" असं म्हणतात. हे कुठल्याही ठरावाने झालेलं नाही. माझ्या मते ते अशाच तुलनांमधून झालं. ज्या ठिकाणांमधला बारीक फरक तुम्हाला सांगता येतो, ती ठिकाणं तुमची झालेली असतात. नवख्याला सगळ्या उडुप्यांचं सांबार सारखंच लागतं. म्हणून दोन शेजारी सांबारावरून वाद घालतात तेव्हा ते माहिती तर देतातच, शिवाय आपण इथले आहोत हेही एकमेकांना सांगत असतात.

मग विचारायचं काय?

माझा नवा कागद तयार आहे. त्यावर चौकोन नाहीत. तीन प्रश्न आहेत: शेवटचं कुठे खाल्लंत, कुणाबरोबर, आणि ते बंद असतं तर कुठे गेला असतात? तिसरा प्रश्न सगळ्यांत जास्त बोलतं करतो. गाईडनी या वेळी कागद ठेवून घेतला.

तुम्हीही करून बघा. नव्या वस्तीत गेलात तर ‘चांगलं कुठे मिळतं’ असं विचारू नका, एकच नाव मिळेल आणि तिथे रांग असेल. ‘तुम्ही काल कुठे खाल्लंत?’ असं विचारा. आणि तुम्हाला कुणी विचारलं तर पहिल्या नावापाशी थांबू नका. दुसरंही सांगा, आणि ते कशासाठी चांगलं आहे तेही सांगा.

मामींना परवा पुन्हा भेटले. नवा कागद वाचून म्हणाल्या, "हां, हे बरंय." मग तिसऱ्या प्रश्नावर बोट ठेवून विचारलं, "पण बंद म्हणजे आजच्यापुरतं, का कायमचं?"

मी त्यांना विचारलं, त्याने उत्तर बदलेल का.

"बदलेल ना," मामी म्हणाल्या. "आजच्यापुरतं असेल तर मी घरी डोसा करीन."